मालक नसलेल्या जाळ्याचा नकाशा

पनवेलचा इतिहास हा मूलतः वाटांचा इतिहास आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी एके काळी होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. घाटावरचा माल खाली येई, कोकणचे मीठ आणि तांदूळ वर जात, आणि या देवघेवीवर पनवेलची पेठ उभी होती. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनच त्या काळातील गावाचे महत्त्व ध्यानात यावे. पुढे १८६३ मध्ये आगगाडी कर्जतमार्गे बोरघाट चढून गेली आणि पनवेल आडबाजूस पडले. गावात काही अघटित घडले नव्हते. बंदर जागेवर होते, पेठ जागेवर होती, माणसेही तीच होती. केवळ नकाशावरची रेषा सरकली होती. आज द्रुतगती महामार्ग, कोकण रेल्वे, न्हावा-शेवाचे बंदर, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि २०२५ च्या डिसेंबरात विमाने उडू लागलेला नवी मुंबईचा विमानतळ यांच्यामुळे तेच गाव पुन्हा जाळ्याच्या मध्यभागी आले आहे. आपण ज्याला स्थानमाहात्म्य म्हणतो ते पुष्कळदा जोडण्यांचे माहात्म्य असते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रस्ते नव्हेत. जुलै २०२० मध्ये पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीमध्ये योट्टा कंपनीचे डेटा सेंटर सुरू झाले. संगणकांच्या ७,२०० मांडण्या मावतील आणि ५० मेगावॅट वीज लागेल, एवढी त्या एका इमारतीची क्षमता त्या वेळी सांगितली गेली. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातही अशा इमारती उभ्या आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांत पाहण्यासारखे काही नसते. तथापि आपले बँकेचे व्यवहार, सरकारी दप्तरे, घरातल्या मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ हे सारे अशाच इमारतींमधून फिरत असते. 'आमचे जाळे कोणाच्याही मालकीचे नाही' अशी ज्यांची प्रतिज्ञा आहे, त्या कूटचलनांची जाळीसुद्धा जगभरात बऱ्याच अंशी अशाच, कोणाच्या तरी मालकीच्या छपरांखाली, कोणाच्या तरी विजेवर आणि कोणाच्या तरी तारांमधून चालतात. बिटकॉइनच्या भावाची चर्चा आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली आहे. त्या जाळ्याच्या रचनेची चर्चा मात्र विद्यापीठांतसुद्धा क्वचितच ऐकू येते, आणि ही उणीव आता परवडणारी नाही.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे सुरू झाले. त्यामागची कल्पना मोठी आकर्षक होती. मध्ये बँक नको, सरकार नको. जगभरातले हजारो संगणक एकमेकांशी बरोबरीच्या नात्याने जोडलेले असावेत, प्रत्येकाजवळ खातेवहीची संपूर्ण प्रत असावी, आणि कोणी एकाने खोटी नोंद केलीच तर इतरांनी ती नाकारावी. यालाच पीअर-टू-पीअर जाळे म्हणतात. त्यातील प्रत्येक संगणक म्हणजे एक नोड. येथे मुख्यालय नाही, अध्यक्ष नाही, शिपाईही नाही. समर्थकांच्या मते याच विकेंद्रीकरणात या व्यवस्थेचे सारे बळ आहे.

आता 'विकेंद्रित आहे' हे विधान नीट पाहिले तर ते एका आकृतीबद्दलचे विधान आहे. दहा हजार बिंदू आहेत एवढ्याने आकृती ठरत नाही. ते एकमेकांना कसे जोडले आहेत यावर ती ठरते. दहा हजार खेडी असतील आणि सर्वांची वाट एकाच पुलावरून जात असेल, तर त्या मुलखाची किल्ली त्या पुलाच्या चौकीदाराकडे असते. म्हणून विकेंद्रीकरणाचा दावा श्रद्धेने स्वीकारण्याचा किंवा रागाने फेटाळण्याचा विषयच नाही. तो नकाशा काढून तपासण्याचा विषय आहे.

आपल्या पूर्वजांना मध्यवर्ती कचेरी नसलेली पैशाची जाळी अपरिचित नव्हती. पुणे, सुरत, काशी येथील पेढ्यांवर हुंड्या चालत, तेव्हा त्या सगळ्या पेढ्यांचा नकाशा कोणा एकाच्या हाती नसे. प्रत्येक सावकाराला आपल्या ओळखीच्या पेढ्या ठाऊक असत. त्यांना पुढच्या ठाऊक असत. रक्कम अशा रीतीने शेकडो कोस जाई. परंतु तेथे प्रत्येक गाठीला नाव होते, घराणे होते आणि पत होती. हुंडी नाकारली गेली तर कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायचे, हे माहीत असे. बिटकॉइनच्या जाळ्यात ओळखी तशाच शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या आहेत, पत मात्र काढून टाकली आहे आणि तिच्या जागी गणित बसवले आहे. गणित भक्कम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु गणित ज्या तारांमधून प्रवास करते त्या तारा भक्कम आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

या जाळ्यात नवा संगणक प्रवेश करतो तो कसा? त्याला सुरुवातीला कोणीच ओळखत नाही. मग तो काही स्वयंसेवकांनी चालविलेल्या मोजक्या पत्ता-सेवकांना विचारतो की, मला काही नोडचे पत्ते द्या. मिळालेल्या पत्त्यांतून तो आपण होऊन आठ जणांशी पूर्ण जोडणी करतो; २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत यात केवळ नव्या नोंदींच्या गठ्ठ्यांसाठी आणखी दोन जोडण्यांची भर पडली. बाहेरून येणाऱ्यांनाही तो जागा देतो, आणि सर्व मिळून साधारण सव्वाशे जोडण्यांपर्यंत त्याची मर्यादा असते. एकाला नवा व्यवहार कळला की तो शेजाऱ्यांना सांगतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. गावात एखादी बातमी पसरावी तशीच ही रीत आहे. झुरिकच्या दोन संशोधकांनी, डेकर आणि वॅटनहोफर यांनी, २०१३ मध्ये ही बातमी किती वेगाने पसरते हे मोजले. नोंदींचा नवा गठ्ठा निम्म्या जाळ्यापर्यंत साडेसहा सेकंदांत पोहोचत होता. पण चाळीस सेकंद उलटून गेल्यावरही पाच टक्के नोड त्याविषयी अंधारातच असत. चाळीस सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु जेथे सर्वांनी एकच खातेवही मान्य करण्यावर पैशाचे अस्तित्व अवलंबून आहे, तेथे काही सेकंदांचे अज्ञानसुद्धा लबाडाला संधी देते.

नकाशा काढण्याचे काम दोन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी गणनेची. सर्वेक्षण करणारा संगणक एका नोडशी जोडणी करतो, रीतसर नमस्कार-चमत्कार होतात, आणि मग तो विचारतो की, तुला आणखी कोणाकोणाचे पत्ते माहीत आहेत? उत्तरादाखल एका वेळी हजारपर्यंत पत्ते मिळू शकतात. त्या प्रत्येकाचे दार ठोठवायचे आणि पुन्हा तोच प्रश्न करायचा. असे करत गेले की दार उघडणाऱ्या सर्व नोडची यादी तयार होते. 'बिटनोड्स' नावाचा उपक्रम ही गणना २०१३ पासून करीत आला आहे. जे नोड बाहेरच्याला दार उघडतच नाहीत, ते या यादीत सापडत नाहीत. आणि यादी म्हणजे नकाशा नव्हे. मतदारयादीवरून गावात किती माणसे आहेत हे कळते, कोणाचे कोणाकडे जाणे-येणे आहे ते कळत नाही.

हे जाणे-येणे शोधणे ही दुसरी पायरी. ती अवघड आहे आणि मुद्दाम अवघड ठेवलेली आहे. कोण कोणाशी जोडले आहे हे उघड झाले, तर हल्ला नेमका कोठे करावा हेही उघड होते, म्हणून बिटकॉइनची आज्ञावली ती माहिती देतच नाही. संशोधकांनी मग आडवाटा शोधल्या. अमेरिकेत अँड्र्यू मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ मधील कामात असे दिसून आले की, नोड एकमेकांना जे पत्ते देतात त्यांवर 'शेवटचा संपर्क केव्हा' अशी वेळेची खूण असते आणि तिच्यावरून जोडण्यांचा अंदाज बांधता येतो. ती फट पुढे बुजवण्यात आली. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने निराळी युक्ती योजली. परस्परविरोधी व्यवहार नेमक्या नोडवर पेरायचे आणि त्यांचा माग कोठपर्यंत उमटतो ते पाहायचे. या गटाने हा प्रयोग खऱ्या जाळ्यावर न करता सरावासाठी असलेल्या वेगळ्या जाळ्यावर केला. ज्या जाळ्यात लोकांचा पैसा आहे त्यात केवळ कुतूहलापोटी ढवळाढवळ करू नये, हा विवेक त्यामागे होता. विज्ञानाच्या क्षेत्रातील अशा संयमाची दखल फारशी कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

आणि नकाशातून दिसले काय? मिलर यांच्या अभ्यासात, जाळ्यातील सुमारे दोन टक्के नोडच्या मागे मायनिंगच्या एकूण ताकदीपैकी तीन-चतुर्थांश ताकद उभी असल्याचे आढळले. नव्या नोंदी वहीत चढविण्याचा अधिकार ज्या संगणकशक्तीतून मिळतो, ती ही ताकद. झुरिक आणि जेरुसलेम येथील संशोधकांनी २०१७ मध्ये इंटरनेटच्या बाजूने पाहणी केली. तेव्हा केवळ तेरा सेवा पुरवठादारांच्या छायेत तीस टक्के नोड वसलेले होते आणि तीन पुरवठादारांच्या तारांवरून साठ टक्के जोडण्या जात होत्या. त्यांच्या हिशेबाप्रमाणे इंटरनेटवरील शंभराहूनही कमी पत्ता-समूहांची दिशा कोणी फसवून वळविली, तर मायनिंगची निम्मी ताकद उरलेल्या जाळ्यापासून तोडता येत होती. बरोबरीच्यांचे म्हणवणाऱ्या या जाळ्यात काही जण बरेच अधिक बरोबरीचे निघाले!

एखादा नोड असा वेगळा पाडला की काय होते, हे २०१५ मध्ये बोस्टन विद्यापीठातील हायलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. हल्लेखोराने त्या नोडच्या भोवतीचे सगळे शेजारी आपलेच नेमले, तर तो हल्लेखोर दाखवील तेवढेच जग त्या नोडला दिसते. त्याला खोटी वही खरी वाटते. दिलेला पैसा दुसऱ्यांदा दिला जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. या प्रकाराला संशोधकांनी ग्रहणाचे नाव दिले, आणि ते समर्पक आहे. सूर्य जागेवरच असतो, मध्ये काहीतरी आडवे आलेले असते. या संशोधनानंतर बिटकॉइनच्या आज्ञावलीत अनेक बचाव करण्यात आले. २०२० पासून तर आपले शेजारी एकाच सेवा पुरवठादाराच्या छायेतील नसावेत याची काळजी घेण्याची सोयही तिच्यात आली. म्हणजे नकाशा काढणाऱ्यांनी जाळे मोडले नाही, ते दुरुस्त करायला भाग पाडले. जाळ्याचा नकाशा काढणे म्हणजे चोराला घराची माहिती पुरविणे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

छपराच्या मालकाचा मुद्दाही केवळ तर्काचा नाही. ११ नोव्हेंबर २०२० रोजी 'इन्फ्युरा' या एका कंपनीची सेवा बिघडली आणि इथेरियम या दुसऱ्या क्रमांकाच्या कूटचलनाचे व्यवहार कित्येक बाजारपेठांना थांबवावे लागले. कारण असंख्य व्यावसायिक स्वतःचा नोड न चालविता त्या एकाच कंपनीच्या नोडवर विसंबून होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील 'हेट्झनर' या कंपनीने आपल्या डेटा सेंटरमध्ये असे उद्योग चालणार नाहीत असा पवित्रा घेतला आणि 'सोलाना' जाळ्यातील हजारावर संगणक बंद पडले. घरमालकाने कुलूप लावल्यावर भाडेकरूने आपल्या स्वायत्ततेची सनद दाखवावी, त्यातला हा प्रकार. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली तेव्हा केंब्रिज विद्यापीठाच्या नकाशावर जे दिसले तेही असेच बोलके आहे. २०१९ मध्ये जगातील सुमारे तीन-चतुर्थांश मायनिंग चीनमध्ये होते. बंदीनंतर तो आकडा शून्यावर आला आणि २०२२ च्या आरंभी पाहता पाहता पुन्हा एकवीस टक्क्यांच्या आसपास दिसू लागला. एक सरकार काय करू शकते आणि काय करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर दिसल्या.

या विषयाकडे जगातील बलाढ्य राष्ट्रे कशी पाहतात? अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने एका खासगी सुरक्षा कंपनीकडून 'ब्लॉकचेन खरोखर विकेंद्रित आहेत काय' याच प्रश्नावर अहवाल करवून घेतला आणि तो जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बिटकॉइनची साठ टक्के वाहतूक तीनच सेवा पुरवठादारांकडून जाते, एकवीस टक्के नोड जुनी आणि सदोष आज्ञावली वापरतात, निम्म्याहून अधिक नोड 'टॉर' या ओळख लपविणाऱ्या जाळ्याच्या पडद्याआड गेले आहेत, असे त्यात नोंदवलेले आहे. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पडद्याआड गेलेल्या नोडचा देश नकाशावर सांगता येत नाही. 'अमुक देशात इतके नोड' असे रंगीत नकाशे वृत्तपत्रांत येतात, तेव्हा त्यांत निम्मे जग कोरेच असते, हे वाचकाला कोणी सांगत नाही. असो. मुद्दा असा की, ज्या देशाचे संरक्षण खाते या जाळ्याची आकृती जाणून घेण्यासाठी पैसे मोजते, तो देश भाबडा नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? आपण या व्यवहारांवर २०२२ पासून तीस टक्के कर घेतो, विक्रीच्या वेळी एक टक्का कापून घेतो, आणि मार्च २०२३ पासून कूटचलनाच्या बाजारपेठांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आहे. हे सर्व आवश्यकच होते. परंतु ही सारी नजर दारावरची आहे. रुपया देऊन बिटकॉइन घेण्याची जी दुकाने आहेत, त्यांच्या उंबरठ्यावर शासन उभे आहे. उंबरठ्यापलीकडच्या जाळ्याची आकृती आपण परदेशी कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून पाहतो. ज्या मुलखातून आपण जकात वसूल करतो त्याचा नकाशा दुसऱ्याकडून मागून आणायचा, हे कोणत्या शहाणपणात बसते?

मध्यमवर्गीय घरांच्या दृष्टीने तर एक गोष्ट फारच स्पष्टपणे सांगावयास हवी. घरातल्या मुलाने मोबाइलवर अॅप घेतले, त्यातून हजार-दोन हजारांचे बिटकॉइन खरेदी केले, म्हणजे तो त्या जाळ्याचा भाग झाला, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. त्याच्या नावाची नोंद अॅप चालविणाऱ्या कंपनीच्या वहीत असते. जाळ्याच्या नकाशावर तो कोठेच नसतो. असलाच तर त्या कंपनीचा एखादा बिंदू असतो. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईत सुरू झालेल्या बाजारपेठेतून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे तिचा ठपका उत्तर कोरियाच्या हस्तकांवर ठेवला. त्या दिवशी कूटचलनाचे जाळे क्षणभरही थांबले नव्हते, त्याचे गणित चुकले नव्हते. तरीही लाखो भारतीय ग्राहकांचा पैसा अडकला आणि त्या बाजारपेठेचे व्यवहार पूर्ववत सुरू होण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. विकेंद्रीकरणाच्या नावाने विकली गेलेली वस्तू ग्राहकाने एका अगदी केंद्रित खोक्यात ठेवलेली होती. ही आकृती कागदावर काढून दाखविली असती, तर किती पालकांनी तिला संमती दिली असती?

पनवेलकरांना पैसा अडकणे म्हणजे काय असते, ते सांगण्याची गरज नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा कितीतरी घरांच्या निवृत्तीच्या रकमा त्यात होत्या. ते दुःख लहान नव्हते. पण तेथे पाच लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण होते, निबंधक होते, न्यायालय होते, मोर्चा नेण्यासाठी एक दार होते. ज्या जाळ्याला दारच नाही त्यात ठेवीदाराने कोणाकडे दाद मागावी?

पुण्याचे गेनबिटकॉइन प्रकरण या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. दरमहा दहा टक्के दराने अठरा महिने परतावा देऊ, या आमिषाने हजारो लोकांकडून बिटकॉइन गोळा करण्यात आले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये अटक झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. या तपासात जो नकाशा लागतो तो संगणकांच्या जोडण्यांचा नसून व्यवहारांचा असतो. कोणत्या पाकिटातून कोणत्या पाकिटात किती रक्कम गेली, हा माग बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीत कायमचा उमटलेला असतो. पाकिटामागचा माणूस मात्र शोधावा लागतो. दोन्ही नकाशे वेगळे, पण ते वाचण्याची विद्या एकमेकींच्या जवळची आहे. पोलिसांजवळ ती नव्हती म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेण्यात आली. आणि मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांपैकीच दोघांना अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या पाकिटांतील बिटकॉइन त्यांनी परस्पर वळविले आणि पोलिसांना खोटी माहिती दिली, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु सामान्य माणसाने त्यातून जे वाचायचे ते न्यायालयाची वाट न पाहताही वाचता येते. ज्या तिजोरीची रचना यंत्रणेतील कोणालाच कळत नाही, तिची किल्ली दोन-चार जाणकारांच्या हाती जाते आणि त्या जाणकारांवर देखरेख करणारा दुसरा जाणकार नसतो. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

जाळ्याच्या नकाशाबद्दल एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येण्यासारखा नाही. लक्झेंबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, नोडच्या जोडण्या कळल्या की एखादा व्यवहार कोणत्या घरातील संगणकावरून निघाला, हेही बऱ्याच वेळा सांगता येते. म्हणजे यंत्रांचा नकाशा काढता काढता माणसांचा नकाशा तयार होतो. शासनाच्या हाती असे साधन गेले तर त्याचा उपयोग केवळ चोराविरुद्धच होईल याची हमी कोण देणार? खंडणीखोराच्या हाती गेले तर काय? यावर काही संशोधकांनी उपाय सुचविले आणि त्यांत भारतीय नावे अग्रभागी आहेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. इलिनॉय विद्यापीठातील शैलेश बोज्जा व्यंकटकृष्णन, ज्युलिया फांटी आणि प्रमोद विश्वनाथ यांनी २०१७ मध्ये 'डँडेलियन' नावाची पद्धत मांडली. तीत नवा व्यवहार एकदम चहूकडे न पसरविता आधी काही अंतर गुपचूप एकेकाच्याच हाती दिला जातो आणि मग उधळला जातो. सावरीच्या कापसाचे बोंड वाऱ्यावर उकलते तसे. अशाने तो मूळ कोठून निघाला हे ओळखणे कठीण होते. बिटकॉइनने ती पद्धत स्वीकारली नाही. तिची सुधारित आवृत्ती 'मोनेरो' या चलनाने २०२० मध्ये स्वीकारली.

माझे मत असे की, मर्यादा आधीच आखून घेऊन नकाशा काढावा. जाळ्याची समग्र आकृती, किती नोड, किती छपरांखाली, किती पुरवठादारांच्या तारांवर, किती जुन्या आज्ञावलीवर, हे सार्वजनिक असावे आणि नियमितपणे प्रसिद्ध व्हावे. एखादा पत्ता कोणत्या घराचा, हे मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणी शोधू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची चौकट आपल्याकडे आहेच. खानेसुमारीत आपण अशीच रीत पाळत आलो आहोत. गावाची संख्या सर्वांना कळते, घराघरातील नोंद गोपनीय राहते.

हे काम परदेशातून मागविण्याइतके दुर्घट नाही. पुण्याच्या सी-डॅकने महासंगणक बांधला तो १९९१ मध्ये, आणि तोही परदेशाने नकार दिल्यानंतर. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'विश्वस्य' नावाची स्वदेशी ब्लॉकचेन व्यवस्था सादर केली. तिचे संगणक भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय सूचना केंद्राच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. तेथील आकृती आपणच आखलेली असल्यामुळे ती माहीत आहे. जगभर पसरलेल्या परक्या जाळ्यांची आकृती शोधणे ही त्याच्या पुढची पायरी. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम झाला. ते जाळे भारतीय तरुणांनी उभारलेले आहे, पण ते सार्वजनिक आहे, जगात कोठेही त्याचे नोड असू शकतात. आदिवासी विद्यार्थ्याचा दाखला उद्या कोणत्या संगणकांच्या भरवशावर असेल, हे विचारण्याचा अधिकार महसूल खात्याला असला पाहिजे आणि उत्तर देता येईल असा माणूसही त्याच्या पदरी असला पाहिजे.

पनवेल, नवीन पनवेल, खारघर या टापूत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि महापे येथे महाराष्ट्र सायबरचे मुख्यालय आहे. बिटकॉइनच्या संपूर्ण वहीला सहाशे जीबीहून अधिक जागा लागते. ती मावेल अशी डिस्क, एक बेताचा संगणक आणि अखंड इंटरनेट एवढ्यावर नोड उभा राहतो. गणना करणारा कार्यक्रम लिहायला तर ती वहीसुद्धा लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हजेरीच्या आणि ग्रंथालयाच्या त्याच त्या संगणक-प्रणाली करावयास लावण्याऐवजी ही गणना त्यांच्याकडे द्यावी. जोडण्यांचे प्रयोग सराव-जाळ्यावरच करावेत, निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत, आणि त्या विद्यार्थ्यांतून दोघे-चौघे पोलिसांच्या सायबर शाखेत रीतसर पगारावर, रीतसर देखरेखीखाली नेमावेत. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रकल्प जूनमध्ये ठरतात; प्राध्यापकांनी आणि पालकांनी हा विषय त्याआधी महाविद्यालयांच्या कानावर घालावा.